काळ्या दाण्यांनी तारलेले पीक : सोयाबीनच्या पारंपरिक वाणांची कथा

१/ १९५४. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात सोयाबीनच्या मुळांवर एक सूक्ष्म सूत्रकृमी आढळला. मादी मेली की तिच्या शरीराचीच टणक पुटी बनते आणि आतली अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एकदा शेतात शिरलेला हा शत्रू सहसा जात नाही. त्याच्यावरचा उपाय मात्र अर्धशतकापूर्वीच अमेरिकेत येऊन पोहोचला होता.

२/ सोयाबीनचे माहेर चीन. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी एका रानवेलीपासून हे पीक घडवले. सोयाबीनचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे निवडलेला वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो. चीन, कोरिया व जपानमध्ये टोफूसाठी, मोडांसाठी, वैरणीसाठी असे पिवळे, हिरवे, तपकिरी, काळे असंख्य वाण नांदत राहिले.

३/ १९२९ ते १९३१ या काळात पॅलेमन डॉर्सेट आणि विल्यम मोर्स हे अमेरिकी कृषी खात्याचे दोन अधिकारी जपान, कोरिया, मांचुरिया व चीनमध्ये हिंडले. त्यांनी सोयाबीनचे सुमारे ४,५०० नमुने मायदेशी आणले.

४/ पुढे घडले ते विषण्ण करणारे. तत्काळ उपयोग दिसेना, म्हणून यांतील बहुतांश नमुने टाकून देण्यात आले. जतनाची रीतसर व्यवस्था उभी राहिली ती १९४९ मध्ये. तोवर कित्येक वाण हातचे गेले होते.

५/ सूत्रकृमीचे संकट आले तेव्हा उरलेल्या संग्रहाची झडती सुरू झाली. बहुतेक सारे वाण बळी पडले. तग धरणाऱ्या मोजक्या वाणांत एक होता ‘पेकिंग’. १९०६ साली बीजिंगहून आलेला हा बारीक, काळ्या दाण्यांचा वाण अमेरिकेत मुख्यतः वैरणीसाठी पेरला जाई.

६/ अडचण अशी की बाजाराला पिवळा दाणा हवा होता आणि ‘पेकिंग’मधील प्रतिकाराचे एक जनुक सालीच्या काळ्या रंगाच्या जनुकाला अगदी खेटून होते. एक घ्यावे तर दुसरे सोबत येई. अनेक पिढ्यांच्या संकरांनंतर ही जोडी फुटली आणि १९६६ मध्ये ‘पिकेट’ हा पिवळ्या दाण्यांचा प्रतिकारक्षम वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

७/ सूत्रकृमीही बदलला. मग १९३०च्या सुमारास ईशान्य चीनमधून आलेला, ‘पी.आय. ८८७८८’ एवढ्याच नोंद-क्रमांकाने ओळखला जाणारा आणखी एक काळा वाण कामी आला. पुढे अमेरिकेतील बहुतांश प्रतिकारक्षम वाण या एकाच पूर्वजावर विसंबले. आता सूत्रकृमीच्या अनेक वस्त्या त्यालाही सरावल्या आहेत.

८/ मूळ दुखणे इथेच आहे. उत्तर अमेरिकेतील आधुनिक वाणांच्या वारशापैकी सुमारे ८६ टक्के वाटा अवघ्या १७ पूर्वज वाणांचा आहे. शिवार विशाल असले, तरी त्याचा गोतावळा लहान आहे.

९/ हा धडा आपल्याही दाराशी आहे. मध्य भारतातील ‘कालीतूर’ आणि कुमाऊँच्या डोंगरांतील ‘भट’ ही काळ्या दाण्यांची जुनी देशी सोयाबीन. १९९४ मध्ये आलेल्या जबलपूरच्या ‘जे.एस. ३३५’ने मात्र मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील फार मोठे क्षेत्र अनेक वर्षे एकट्याने व्यापले. त्याने शेतकऱ्याला उत्पन्न दिले. पण जेथे सर्वत्र एकच वाण असतो, तेथे एका शेतातला रोग शेजारच्या शेतातही तितक्याच सहज फोफावतो.

१०/ बी नुसते कपाटात ठेवून टिकत नाही. ते थंड, कोरड्या जागी ठेवावे लागते आणि उगवण घटली की पुन्हा पेरून ताजे करावे लागते. या कामाचे फळ केव्हा मिळेल, हे करणाऱ्याला ठाऊक नसते. १९०६ साली ‘पेकिंग’ची बी नोंदवून घेणाऱ्यांना त्या सूत्रकृमीची कल्पनाही नव्हती. त्यांनी ती जपली, एवढेच पुरले.