लहान डिस्क काढून मोठी बसवताना

मागच्या व्याख्यानात आपण थीसियसच्या जहाजाची गोष्ट पाहिली. प्लुटार्कने ती सांगून ठेवली आहे. अथेन्सचे लोक जहाजाची कुजलेली फळी काढायचे, तिथे नवी बसवायचे. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिलं का? त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, हे पुस्तकातलं झालं. आज असं कुठे घडतं?” माझ्या घरी घडतं. पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक छोटा सर्व्हर आहे, त्यात चार हार्ड डिस्क. आमच्या अभ्यासमंडळाची जुनी ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. जागा संपली म्हणून मी १ टेराबाइटच्या चार डिस्क काढून ४ टेराबाइटच्या बसवल्या. आज त्याविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात थोडी मागून करू.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. हार्ड डिस्कचा व्यापारी इतिहास इथून सुरू होतो. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, वजन सुमारे एक टन. मावायचं किती? ५० लाख अक्षरं. आज एका व्याख्यानाचं ध्वनिमुद्रणही त्यात मावणार नाही. १९८० साली जवळपास तेवढीच, म्हणजे ५ मेगाबाइटची साठवण सव्वापाच इंची डिस्कमध्ये आली आणि ती वैयक्तिक संगणकात बसली. मोठ्या कंपन्या मात्र महागड्या, अजस्र डिस्कच वापरत होत्या.

१९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. त्यांचं म्हणणं असं, की एक मोठी महाग डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडा. याच रचनेला ‘रेड’ असं नाव पडलं. पण तिच्यातली अडचणही त्यांनीच दाखवली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर शंभर डिस्कच्या समूहात पहिली बिघडायला सरासरी ३०० तास लागतील, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. समूह मोठा झाला की त्यातलं कुणीतरी आजारी पडणारच. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

मग उपाय काय? समजा तीन डिस्कवर ५, ७ आणि २ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज लिहा, १४. आता सात गेला, तर चौदातून पाच आणि दोन वजा करा, सात परत मिळतो. प्रत्यक्षातलं गणित बेरजेचं नसतं आणि ती ‘बेरीज’ एकाच डिस्कवर न ठेवता चारींवर वाटलेली असते, पण तत्त्व हेच. म्हणून १ टेराबाइटच्या चार डिस्क लावल्या तरी वापरायला जागा मिळते ३ टेराबाइट. उरलेली एक म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

डिस्क बदलायच्या त्याही याच तत्त्वावर. एक लहान काढा, मोठी लावा. उरलेल्या तिघी मिळून गेलेलीचा मजकूर पुन्हा घडवतात. मग दुसरी, तिसरी, चौथी. गंमत अशी, की तीन मोठ्या बसल्या तरी जागा इंचभरही वाढत नाही. सगळ्यात लहान डिस्क जेवढी, तेवढंच सगळ्यांचं माप. शेवटची लहान निघाली की मगच ३ चे १२ टेराबाइट होतात.

माझ्या सर्व्हरवर झेडएफएस ही प्रणाली आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ती तयार केली आणि २००५ साली तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. या पुन्हा भरण्याला तिथे ‘रिसिल्व्हरिंग’ म्हणतात. आरशामागचा पारा उडाला की पुन्हा चढवतात ना, तसं. पण गेल्या काही दशकांत डिस्कची जागा जेवढी वाढली, तेवढा तिचा वेग वाढला नाही. सेकंदाला १०० मेगाबाइट धरले तर १ टेराबाइट वाचायला पावणेतीन तास लागतात. दुप्पट वेग धरला तरी ८ टेराबाइटला अकरा. प्रत्यक्षात याहून जास्तच. आणि एक डिस्क बाहेर असताना विमा नसतो. उरलेल्या तिघींपैकी प्रत्येकीचं प्रत्येक अक्षर नीट वाचता आलं पाहिजे.

माझी चूक इथेच झाली. सुरुवातीला सगळ्या डिस्क एकदा पूर्ण वाचून तपासायच्या असतात. मी तपासल्या नाहीत, घाई होती. पहिली डिस्क काढली आणि उत्साहात ती दुसऱ्या कामासाठी पुसूनही टाकली. रात्री यंत्राने दोन फायलींची नावं दाखवली. उरलेल्यांपैकी एका डिस्कवरचे काही भाग वाचताच येत नव्हते. वर्षानुवर्षं कुणी उघडलेल्या नव्हत्या, त्यामुळे बिघाड कळलाच नव्हता. काढलेली डिस्क शाबूत असती तर ती परत लावून सगळं भरून निघालं असतं. एक ध्वनिमुद्रण जुन्या विद्यार्थ्याकडे सापडलं. दुसरं आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांचं होतं. त्यातल्या प्रश्नोत्तरांची काही मिनिटं गेली. प्रश्न ऐकू येतो, उत्तर नाही.

ही तपासणी म्हणजे नवी कल्पना नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती याच गरजेतून. नकलेमागून नकल होत गेली की चुका शिरतात, आणि दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हे त्या प्रती स्वतः सांगू शकत नाहीत. तिथे जाणता साक्षीदार लागतो. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची एक खूणसंख्या वेगळी लिहून ठेवते, ती हीच साक्ष. पण साक्षीदार चूक दाखवतो. गेलेला मजकूर परत आणायला दुसरी प्रत लागतेच. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत दुसऱ्या घरी हवी.

आता जहाजाकडे परत येऊ. सतराव्या शतकात हॉब्जने विचारलं होतं, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? डिस्कच्या बाबतीत याचं उत्तर देता येतं. मधल्या काळात लिहिणं चालू असेल, तर काढलेली प्रत्येक डिस्क आपापल्या दिवशी थांबलेली असते. त्या चार पुन्हा एकत्र लावल्या तर त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. म्हणजे ‘तेपण’ फळ्यांत नव्हतं. ते भागांमधल्या मेळात होतं, आणि तो मेळ दर वेळी कुणीतरी राखावा लागतो. जतन म्हणजे वस्तू कुलुपात ठेवणं नव्हे. तपासणं, उतरवून घेणं, आणि नवं नीट बसेपर्यंत जुनं हातचं न सोडणं.

तेव्हा घरी जाऊन एक करा. जुना एखादा आवाज, एखादा फोटो आज उघडून पाहा. उघडतोय तोवर त्याची आणखी एक प्रत करून ठेवा. इथे थांबतो.