रक्तदर्शके, अतिदक्षता उपचारांतील

अतिदक्षता विभागात श्वसनयंत्र किंवा अन्य जीवनाधार साधनांवर असलेल्या रुग्णाच्या रक्तातील ज्या घटकांच्या पातळीवरून अवयवांची स्थिती व रुग्ण वाचण्याचा संभव अजमाविता येतो, त्यांना रक्तदर्शके म्हणतात. रक्तातील वायू व अम्लता, लॅक्टिक अम्ल, क्रिॲटिनीन, बिलिरुबिन, बिंबाणूंची संख्या आणि सी-विक्रियाशील प्रथिन (सीआरपी) ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांचा इतिहास पाहता, मापनाइतकेच त्याचा अर्थ लावण्यालाही महत्त्व असल्याचे दिसते.

या विषयाचा आरंभ १९५२ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे आलेल्या बालपक्षाघाताच्या साथीत झाला. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनस्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटाच्या रूपातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला आढळे व ते क्षाररक्ततेचे लक्षण मानले जाई. भूलतज्ञ ब्यॉर्न इब्सेन (१९१५–२००७) यांनी मात्र फुप्फुसांबाहेर पुरेसा वायू टाकला जात नसल्यामुळे तो रक्तात साचतो, असा निष्कर्ष काढला. प्रयोगशाळाप्रमुख पोल आस्ट्रप यांच्या पीएच-मापनाने रक्त अम्लधर्मी असल्याचे सिद्ध झाले. श्वासनालास छेद देऊन त्यातून नळी घालण्यात आली व सु. १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. मृत्युप्रमाण सु. ४० टक्क्यांपर्यंत उतरले. आकडा पूर्वीचाच होता. त्याचा अर्थ बदलल्याने रुग्ण वाचू लागले. १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग सुरू केला.

लॅक्टिक अम्लाचा इतिहास याहून जुना आहे. १८४३ मध्ये जर्मनीत योहान योझेफ शेरर यांना सूतिकाज्वराने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते आढळले. ऊतकांना ऑक्सिजन अपुरा पडला की ग्लुकोजाचे विघटन त्याच्याविना होऊन हे अम्ल वाढते. १९६४ मध्ये ब्रोडर व वाइल यांनी अवसादातून (रक्ताभिसरण कोलमडल्याने येणाऱ्या अवस्थेतून) रुग्ण सावरण्याच्या शक्यतेशी त्याचा संबंध दाखविला. मात्र यकृताचा विकार वा ॲड्रेनॅलीन यांमुळेही ते वाढत असल्याने, एका मापनापेक्षा काही तासांच्या अंतराने घेतलेल्या मापनांतील चढउतार अधिक बोधक ठरतो.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोफा’ या गुणांकन पद्धतीत बिलिरुबिन, क्रिॲटिनीन, बिंबाणू व रक्तातील ऑक्सिजन यांची सांगड रक्तदाब व शुद्धीची पातळी यांच्याशी घातलेली आहे. अशा गुणांकांवरून रुग्णसमूहाचा मृत्युसंभव सांगता येतो. परंतु एखाद्या रुग्णाचा जीवनाधार काढावा की नाही, हा निर्णय केवळ त्यांवरून घेणे युक्त नव्हे.

महाराष्ट्रात मुंबईतील फरोख उदवाडिया यांनी अतिदक्षता उपचारांचा पाया घालण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. जे. जे. रुग्णालयातील त्यांचे धनुर्वाताच्या गंभीर रुग्णांवरील कार्य विशेष प्रसिद्ध आहे. या शाखेतील तज्ञांची अखिल भारतीय संस्था १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली.

कोविड-१९ च्या साथीत हे उपचार महानगरांबाहेरही मोठ्या प्रमाणावर द्यावे लागले. रायगड जिल्ह्यातील पनवेल येथील उपजिल्हा रुग्णालय २०२० मध्ये कोविड रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. त्या काळात सीआरपी, फेरिटिन व डी-डायमर ही नावे महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांनाही परिचित झाली. या दर्शकांची वाढ आजाराच्या तीव्रतेशी निगडित असली, तरी त्यांच्या मागे लागून दिलेला प्रत्येक उपचार लाभदायक ठरत नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चिकित्सा-चाचणीत ऑक्सिजनची कमतरता व प्रतिलिटर किमान ७५ मिग्रॅ. सीआरपी असलेल्या रुग्णांना टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर २८ दिवसांतील मृत्युप्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आल्याचे २०२१ मध्ये आढळले. येथे दर्शकाने कोणास औषध द्यावे हे ठरविले. औषधाची उपयुक्तता मात्र तुलनात्मक चाचणीनेच सिद्ध झाली. रक्तदर्शकांचे कार्य व त्यांची मर्यादा या उदाहरणावरून स्पष्ट होते.