पादचाऱ्यांच्या हालचालींचा सकारण अंदाज

समोरचा माणूस पुढच्या एक-दोन सेकंदांत रस्त्यावर उतरेल की कडेला थांबेल, हे चालकरहित मोटारीच्या संगणकाने आधी ओळखण्याची आणि त्यामागची कारणे माणसाला तपासता येतील अशी मांडण्याची पद्धत. मानेची दिशा, पावलांचा वेग, खांद्यांचा कल, गाडीचे अंतर या त्यातल्या मुख्य खुणा.

कारणे का लागतात, हे अमेरिकेतील टेम्पी येथे १८ मार्च २०१८ रोजी रात्री झालेल्या अपघाताच्या तपासात उघड झाले. सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी स्त्री उबरच्या चाचणी-मोटारीला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली. ओळख बदलली की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जाई. ठरलेल्या जागेबाहेरही कोणी रस्ता ओलांडेल, हे आज्ञावलीत गृहीतच नव्हते.

लोक ठरलेल्या जागीच रस्ता ओलांडतील, हे गृहीतक वऱ्हाडात टिकणारच नाही. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये एका मार्गिकेचे ७५ कि.मी. डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्यांचा वेग वाढतो. मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या माणसांना मात्र तो पायीच ओलांडायचा असतो. हात दाखवून गाडी थांबवणे ही इथली रोजची खूण आहे.

अशा यंत्रणांच्या शिकवणीसाठी वापरला जाणारा ‘पाय’ (PIE) हा २०१९ चा चित्रणसंग्रह टोरंटोचा आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांचे संग्रह केले, ही मोलाची सुरुवात आहे. तरी त्यांत मोठ्या शहरांचाच भरणा आहे. वऱ्हाडातले चित्र वेगळे: श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिराकडे निघालेले अकोल्याचे कावडधारी रस्ता ओलांडत नाहीत, रस्त्यानेच चालतात. खांद्यावरच्या पाण्याच्या भरण्यांआड त्यांचे अंगही झाकले जाते.

स्पष्टीकरणाच्या रीती दोन. एकीत अंदाज झाल्यावर चित्राचा कोणता भाग निर्णायक ठरला ते रंगाने दाखवतात. रंग पटतो, पण खरे कारण तेच असेल असे नाही. दुसरीत एकच खूण बदलून पाहतात: हात खाली असता, तर निकाल बदलला असता का? अपघाताच्या चौकशीत ही दुसरी रीत अधिक भरवशाची, कारण तिचे उत्तर पुन्हा तपासून पाहता येते.