लिनस टोरवाल्ड्सनेही एआयकडून कोड लिहून घेतला! मग आपण कसा घ्यायचा?

तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या गाभ्यात लिनक्स चालतं. हे लिनक्स लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलं. पुढे २००५ मध्ये त्यांनी गिट तयार केलं. आज जगभरातले प्रोग्रामर आपल्या कोडमधले बदल त्यातच साठवतात. म्हणजे कोडिंगमध्ये या माणसाला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही.

तरीही जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं, की आपल्या एका छोट्या प्रोजेक्टचा एक भाग एआयकडून लिहून घेतलाय. यावर लगेच दोन टोकाच्या प्रतिक्रिया आल्या. काहींना वाटलं कोडिंग संपलं, आता शिकायची गरज नाही. काहींना वाटलं टोरवाल्ड्ससुद्धा आळशी झाले. त्यांनी नेमकं काय केलं ते पाहिलं की दोन्ही चूक ठरतं. शिवाय कोडिंग शिकणाऱ्या किंवा नुसती खटपट करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट त्यातून मिळते.

त्यांनी नेमकं काय केलं?

टोरवाल्ड्सना फावल्या वेळात गिटारचे पेडल बनवायचा नाद आहे. पेडल म्हणजे पायाने दाबायची छोटी पेटी. तिच्यामुळे गिटारचा आवाज घुमतो, थरथरतो किंवा फाटल्यासारखा होतो. हे परिणाम प्रोग्राममधून कसे करता येतात, हे समजून घ्यायला त्यांनी ‘ऑडिओनॉइज’ नावाचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकला.

आवाजावर काम करणारा भाग सी भाषेत आहे. ती त्यांची रोजची भाषा. पण आवाजाची लहर स्क्रीनवर चित्रासारखी दाखवायला पायथॉनमध्ये एक साधन हवं होतं, आणि पायथॉन त्यांना फारसं येत नाही. आधी ते आपल्यासारखंच करायचे: गूगलवर शोधायचं, सापडलेलं उचलायचं, थोडं बदलून बघायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की या कामात मधला दलाल आपणच आहोत. तो दलाल काढून टाकला आणि ते साधन गूगलच्या ‘अँटिग्रॅव्हिटी’कडून लिहून घेतलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, चित्र चुकलं तर ते डोळ्यांना दिसणार होतं. दोन, चुकलं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

‘व्हाइब कोडिंग’ म्हणजे काय?

हा शब्द आंद्रे कारपथी या एआय संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, एआयने दिलेला कोड न वाचता चालवायचा, एरर आला तर तोच परत चिकटवायचा आणि चालेपर्यंत हेच करत राहायचं. कारपथीने हा शब्द वापरला तोच मुळी टाकाऊ, वीकेंडच्या प्रोजेक्टसाठी.

इथपर्यंत यायला फार वर्षं लागली नाहीत. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं, तेव्हा ते पुढच्या काही ओळी सुचवायचं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि गप्पा मारत कोड मागता येऊ लागला. आताची कर्सर, क्लॉड कोड, अँटिग्रॅव्हिटी ही साधनं फाईल उघडतात, बदलतात आणि प्रोग्राम चालवूनही बघतात.

मग लिनक्समध्येही एआय चालतं का?

इथे टोरवाल्ड्सचा सूर बदलतो. नव्या माणसाला कंप्युटरची गोडी लागायला व्हाइब कोडिंग चांगलं आहे, पण वर्षानुवर्षं सांभाळायच्या कोडसाठी ते भयंकर आहे, असं त्यांचं साधारण मत आहे. न वाचलेला कोड आज चालेल. दोन वर्षांनी त्यात बिघाड झाला की दुरुस्त कुणी करायचा? लिहिणाऱ्यालाच तो माहीत नसेल तर?

लिनक्समध्ये एआयची मदत घ्यायला बंदी नाही. पण प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ असते. ती म्हणजे सही. नियम असा की ही सही एआयने करायची नाही. कोड कुणीही लिहिलेला असो, सही माणसाची आणि जबाबदारीही त्याचीच.

एआयमुळे काम खरंच लवकर होतं का?

होतं असं वाटतं. मेटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्या ओळखीचे मोठे प्रोजेक्ट आणि एकूण २४६ कामं. काही कामं एआय वापरून, काही न वापरता. काम संपल्यावर त्यांना वाटलं आपण २० टक्के लवकर उरकलं. प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

हे आकडे २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांचे आहेत, आणि ज्या प्रोजेक्टची नस न् नस ठाऊक आहे अशा ठिकाणचे. नवख्याने केलेल्या छोट्या कामाला ते लागू होतीलच असं नाही. पण अनुभवी माणसाचाही अंदाज असा उलटा पडतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. काम झटपट झाल्यासारखं वाटणं आणि बरोबर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपलं उदाहरण: गडमुडशिंगीचा ऊस

समजा तुम्ही करवीर तालुक्यात, कोल्हापूर विमानतळाजवळच्या गडमुडशिंगीत राहता. घरचा ऊस कारखान्याला जातो. वडील विचारतात, “टनाला किती बसायला पाहिजे रे?” तुम्ही फोनवर एआयला सांगता, “उसाच्या एफआरपीचा हिशोब करणारा प्रोग्राम दे.” अर्ध्या मिनिटात कोड हजर. चालतोही. आकडाही देतो. तो बरोबर आहे कशावरून?

नियम असा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. उतारा त्यापेक्षा जास्त असेल तर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. कमी असेल तर त्याच हिशोबाने घटतात. पण उतारा ९.५ टक्के किंवा त्याखाली गेला तरी ३२९.०५ रुपये मिळायलाच हवेत.

एआयचा कोड इथे चार प्रकारे फसू शकतो:

१. जुना दर. २०२४-२५ चा दर ३४० रुपये होता आणि वाढ ३.३२ रुपयांची. एआयच्या डोक्यात तोच असू शकतो.

२. क्विंटल आणि टन. सरकारी दर क्विंटलचा, घरात बोलतो ते टनाचं. १० क्विंटलचा १ टन. हा गुणाकार राहिला की उत्तर दहापट चुकतं. पण ही चूक लगेच दिसते.

३. खालची मर्यादा. ९.५ च्या खाली प्रोग्राम दर कमी करतच राहिला तर चूक.

४. अर्धी पायरी. ही लपून बसणारी चूक. १२ टक्के उतारा म्हणजे १०.२५ च्या वर १.७५, म्हणजेच १७.५ पायऱ्या. काही प्रोग्राम अर्धी पायरी सोडून १७ च धरतात. मग ४१५.५५ ऐवजी ४१३.८२ येतात. फरक क्विंटलला १ रुपया ७३ पैसे. ५० टन उसाला ८६५ रुपये!

अर्धी पायरी धरायची की नाही, हे कळणार कसं? उत्तर सरकारी आकड्यातच आहे. १०.२५ वरून ९.५ पर्यंत ७.५ पायऱ्या होतात. ७.५ गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून ते वजा केले की बरोबर ३२९.०५ उरतात. अर्धी पायरी सोडली असती तर ३३०.७८ आले असते. म्हणजे अर्धी पायरी धरायची.

आता प्रोग्रामची परीक्षा घ्या. हे चार उतारे टाका:

- १०.२५ टाकल्यावर ३५५.०० यायला हवेत
- ९.५० टाकल्यावर ३२९.०५
- ९.०० टाकल्यावरही ३२९.०५
- १२.०० टाकल्यावर ४१५.५५, म्हणजे टनाला ४१५५.५०

चारही जुळले तर तुम्ही सही करायला मोकळे. एक जरी चुकला तर एआयला नुसतं “चुकलंय, नीट कर” म्हणू नका. कोणता उतारा टाकला, काय यायला हवं होतं आणि काय आलं, ते सांगा. चूक सापडायला याचीच मदत होते.

हा हिशोब झाला तरी वडिलांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळत नाही. उतारा आपल्या शेताचा नसतो, कारखान्याचा धरतात. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. हे आकडे कारखान्याच्या कागदावरच बघायचे, एआयला विचारायचे नाहीत. त्याला माहीत नसेल तरी तो काहीतरी सांगून मोकळा होईल.

खटपट कोल्हापूरला नवी नाही

खोलून बघणं आणि पुन्हा जुळवणं ही इथली जुनी सवय. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला आणि पुढे १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला.

कॅमेरा स्वतः जुळवणाऱ्याला तो कुठे अडतो हे ठाऊक असतं. आयता कोड मिळाल्यावर ही ओळख आपोआप होत नाही. ती मुद्दाम करून घ्यावी लागते. वरच्या चार परीक्षा त्यासाठीच.

फोनवरून सुरुवात कशी करायची?

- लॅपटॉप नसला तरी चालेल. ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा किंवा पायड्रॉइड ३ हे ॲप घ्या. दोन्हीत पायथॉन चालतं.
- कोड मागण्याआधी एक उदाहरण कागदावर हाताने सोडवा. उत्तर माहीत नसेल तर तपासणार काय?
- एकदम मोठं ॲप मागू नका. एक काम, एक छोटा प्रोग्राम.
- कोड मिळाला की विचारा, “प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत सांग.” मग एक आकडा स्वतः बदला आणि काय होतं ते बघा.
- मुद्दाम वेडंवाकडं काही टाका: शून्य, उणे आकडा, रिकामी जागा. प्रोग्राम कुठे मोडतो ते कळतं.
- पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, बँकेची माहिती चॅटमध्ये टाकू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एआय असताना कोडिंग शिकायचं कशाला?
टोरवाल्ड्सना पायथॉन फारसं येत नव्हतं, पण लहर कशी दिसायला हवी हे माहीत होतं. म्हणून त्यांना एआयचं काम पारखता आलं. पारखण्याइतकं तरी शिकावंच लागतं.

कॉलेजचं असाइनमेंट एआयकडून करून घेतलं तर?
काम होईल. पण तोंडी परीक्षेत “ही ओळ का लिहिली?” असं विचारलं की अडचण होईल. समजावून सांगता येत नाही तो कोड आपला म्हणू नका.

कोणत्या कामात डोळे झाकून एआयचा कोड वापरू नये?
जिथे चूक दिसत नाही किंवा चुकल्यावर दुसऱ्याचं नुकसान होतं तिथे. पैसे, औषधाचं प्रमाण, विजेची मोटर, लोकांची खासगी माहिती. गिटारची लहर चुकली तर फार तर हसू येईल. उसाचं बिल चुकलं तर घरात वर्षभर तोच विषय राहील.