थरार लघुपट : कॅमेरा, रंग आणि ध्वनी

काही मिनिटांत प्रेक्षकाला धास्तीत ठेवणारा कथापट. पात्रे उभी करायला सवड नसल्याने ताणाचा भार चौकट, प्रकाश आणि आवाज यांवर येतो. कोल्हापूर परिसराशी या तंत्राचे नाते जुने आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाने राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. उरलेला चेहरा दडला की माणसाच्या मनातले कळेनासे होते. भीती तिथूनच सुरू होते. ‘कुंकू’त (१९३७) त्यांनी पार्श्वसंगीत टाळून घरातल्या नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली. दोन्ही पूर्ण लांबीचे चित्रपट आणि थरारपट नव्हेत, तरी लघुपटकाराला त्यांतून पुष्कळ घेता येते. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (१९३१) खुनी त्याच्या शिळेवरून ओळखला जातो. प्रत्येक दृश्यावर कर्कश संगीत चढवण्याच्या सध्याच्या सवयीने दचका मिळतो, ताण नव्हे.

रंगाचे काम संयमाचे : करड्या-निळसर पटात एखादीच लाल वस्तू ठेवली की नजर तिथे खिळते.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप प्रकाशयोजनेचा उत्तम धडा आहे. छताच्या वर्तुळाकार मोकळ्या जागेतून मध्यभागी ऊन उतरते, भोवतालचे खांब सावलीत राहतात. कॅमेरा उजेडात रोखून पात्र खांबाआड ठेवले, तर संवादाची गरज उरत नाही.