राजदूतचं पुढचं चाक

स्मरणिकेसाठी काहीही लिही, फक्त गावाशी त्याचं नातं असू दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. हौज कटोरा आणि इमादशाही यांवर आपले इतिहासाचे सर लिहिणार. शकुंतलेवर म्हणे दोन लेख आधीच येऊन पडलेत. तेव्हा मी मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाचा इतिहास लिहिते. हसू नका. आपण घाटाच्या पायथ्याशी वाढलो. चिखलदऱ्याला चढायला इंजिन लागतं, पण परतवाड्याला सुखरूप उतरायला पुढचं चाक लागतं. दुसरं कारण घरचं आहे. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना त्यांच्या राजदूत ३५० वरून एकदा पुन्हा वर जायचंय. 'नको' म्हणून पाहिलं. ऐकणाऱ्यांतले ते नाहीत, हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. मग नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा गाडीकडे नीट बघावं असं ठरवलं, आणि बघता बघता इतिहासात शिरले.

'राजदूत' म्हटलं की आपल्या पिढीला आठवते ती १७५ सीसीची. दूधवाल्याची, ग्रामसेवकाची, बहिरमच्या यात्रेला तिघांना घेऊन जाणारी. एस्कॉर्ट्स कंपनीने ती पोलंडच्या 'एसएचएल एम११' या गाडीवरून घडवली होती. तिचं पुढचं चाक आजच्यासारखं दोन सरळ नळ्यांत बसवलेलं नसे. ते एका आडव्या दांड्यावर वरखाली झुलायचं. तेलाचा दाब वापरणारा नळ्यांचा फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या गाड्यांवर आणला. बुलेट आणि म्हैसूरची जावा-येझदी यांच्यामुळे आपल्याकडे तो ओळखीचा झाला. आपले मेकॅनिक त्याला 'शॉकअप' म्हणतात आणि मीही तेच म्हणणार.

नळ्या आल्या, तरी त्यांच्यामधल्या चाकाचा ब्रेक ड्रमचाच राहिला. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० या गाडीला पुढे तेलावर चालणारा डिस्क ब्रेक दिला आणि जपानच्या मोठ्या गाड्यांनी ड्रम सोडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये यामाहाची आरडी ३५० आली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे ३९ अश्वशक्ती, आणि पुढे डिस्क. हीच गाडी दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सने 'राजदूत ३५०' या नावाने भारतात आणली. येताना तिची शक्ती कमी केली. 'हाय टॉर्क' गाडीला ३०.५ आणि नंतरच्या 'लो टॉर्क' गाडीला २७ अश्वशक्ती. आणि पुढची डिस्क काढून तिथे ड्रम बसवला.

दोष देण्याआधी तो काळ आठवा. डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर हे सगळं बाहेरून आणायचं तर परकीय चलन लागणार, गाडी आणखी महागणार, आणि तालुक्याच्या गावी तो ब्रेक उघडणार कोण? ड्रमचा लायनर कुठेही बदलून मिळे. हिशोब कागदावर बरोबर होता. तरीही ही गाडी बाजारात चालली नाही. किंमत जास्त, पेट्रोल भरपूर पिणार, सुटे भाग आणि जाणते हात दोन्ही दुर्मीळ. दशक संपता संपता ती बंद झाली. बाबांनी १९९१ साली ती जुनी घेतली ते याचमुळे. कुणालाच नको होती, म्हणून बुलेटपेक्षा स्वस्त मिळाली.

तो ड्रमही साधा नव्हता, हे न्यायाने सांगायला हवं. त्याला 'ट्विन लीडिंग शू' म्हणतात. आतले दोन्ही ब्रेक शू असे बसवलेले असतात की फिरणारं चाकच त्यांना ओढून ड्रमवर दाबतं. बोटांच्या थोड्या जोरात मोठी पकड मिळते. पण ही सगळी मदत चाक पुढे फिरतंय तोवरच. चढावर थांबलात आणि गाडी मागे सरकू लागली, की तेच शू ड्रमपासून दूर ढकलले जातात आणि पुढचा ब्रेक निम्मासुद्धा उरत नाही. घाटात वर चढताना समोर एसटी अडली, की बाबा उजव्या पायाने मागचा ब्रेक गच्च दाबून का उभे राहायचे, ते मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

खरी अडचण उताराची. चिखलदरा १,११८ मीटरवर, आपलं गाव सुमारे ३७० मीटरवर. गाडी आणि दोन माणसं मिळून २८० किलो धरा. साडेसातशे मीटर खाली येताना हे वजन जी ऊर्जा सोडतं, तिने साडेसहा लिटर पाणी उकळायला लागेल. त्यातली बरीचशी वारा आणि इंजिन खातात. पण टू-स्ट्रोक इंजिन उतारावर फार कमी आवरतं. फोर-स्ट्रोक बुलेटवर थ्रॉटल सोडला की गाडी मागे ओढल्यासारखी होते, राजदूतवर तसं जाणवत नाही. उरलेला भार ब्रेकवर येतो. ड्रम म्हणजे झाकण ठेवलेलं भांडं. उष्णता आतच कोंडते, तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते, तापते आणि निवते. शिवाय जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. चांगल्या रस्त्यावर कसून थांबवताना जवळजवळ चार पंचमांश भार पुढच्या चाकावर असतो. त्यामुळे मागचा ब्रेक कितीही चांगला असला तरी पुढच्याची जागा घेऊ शकत नाही.

परतवाड्याचे आमचे चाचा, ज्यांच्या गॅरेजात ही गाडी तीस वर्षं जातेय, त्यांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं: "पोरी, हे गाडी पयते लय, पन थांबाच्या आंधी इचार करते."

पुढचा इतिहास भराभर सांगते, कारण तो तुम्ही स्वतः चालवलाय. १९८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या. त्यातली आरएक्स १०० आपल्या वर्गातल्या निम्म्या पोट्ट्यांचं स्वप्न होती, आणि तिलाही ड्रमच होता. १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड पुढे डिस्क घेऊन आली. २००१ मध्ये पुण्याच्या बजाजची पल्सर आली आणि डिस्क गावोगाव पोचली. २००८ मध्ये यामाहाची आर१५, आपल्याकडची पहिली खऱ्या अर्थाने परवडणारी स्पोर्टबाइक. २०१२ पासून चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकला उलटे शॉकअप, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं.

या गाड्या जुन्या होऊन मोडीत निघू लागल्या, तसं महाराष्ट्रातल्या छोट्या गॅरेजांत एक नवंच काम सुरू झालं. नव्या गाडीची अख्खी पुढची बाजू जुन्या गाडीला लावायची. शॉकअप, त्यांना धरणाऱ्या वरच्या-खालच्या टी, चाक, डिस्क, सगळंच. बुलेटला पल्सरचं, आरएक्सला आर१५ चं, राजदूत ३५० ला हाताला लागेल ते. बऱ्याच ठिकाणी हे रुबाबासाठी होतं, आणि वाईट झालेलं कामही भरपूर आहे. पण राजदूत ३५० च्या बाबतीत मला हा बदल वेगळा वाटतो. जपानहून निघताना जे तिच्या अंगावर होतं आणि इथे येताना काढून घेतलं गेलं, ते परत देणं आहे हे. जुन्या गाड्यांचे शौकीन 'ओरिजिनल' या शब्दाला फार जपतात. त्यांना माझा एकच प्रश्न आहे: यातलं ओरिजिनल कोणतं, १९७३ चं की १९८३ चं?

आम्ही आर१५ ची पहिल्या पिढीची पुढची बाजू निवडली. वजनाला हलकी, भाग आजही मिळतात, आणि दिसायला फार उलटी नाही. वापरलेली पुढची बाजू विकत घेण्यात एक गोम आहे. ती बहुतेकदा अपघातातल्या गाडीची असते, आणि अपघातात आधी वाकतं ते पुढचंच. म्हणून मागून ठोकर बसलेली गाडी शोधायची. पुण्याच्या नाना पेठेत चार फेऱ्या मारल्यावर तशी सापडली. पावती घेतली, कारण चोरीचा माल ओळखायची दुसरी सोय नसते. नळ्या सपाट काचेवर लोळवून पाहिल्या. वाकलेली नळी काचेवर डुगडुगते, आणि मिलिमीटरभराचा वाकही डोळ्यांना दिसतो.

मग जोडणी. नव्या टीचा मधला दांडा जुन्या गाडीच्या मानेत, म्हणजे कोनसेटमध्ये, बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी आम्ही मधे एक ॲडॉप्टर लिहितो. इथे तो लेथवर कापावा लागतो. ईएन २४ स्टीलच्या गजातून नवा दांडा काढला आणि प्रेसने बसवला. वेल्डिंगवर चाचांचा भरवसा नव्हता, माझाही नाही. गाडीची मान एका सांध्यावर लटकते, तिथे 'चालून जाईल' हा शब्द चालत नाही.

पण सगळ्यात रंजक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या मापाचा. चहाच्या ट्रॉलीचं लहान चाक आठवा. ढकलाल तिकडे ते आपोआप सरळ होतं, कारण ते आपल्या खिळ्याच्या मागे रेंगाळतं. मोटारसायकलीचं पुढचं चाकही असंच थोडं मागे रेंगाळतं. त्या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. ते जास्त झालं तर हँडल जड, कमी झालं तर गाडी वेगात थरथरते. ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो: मानेचा तिरपेपणा, चाकाचा आकार, आणि टीमध्ये नळ्या मानेच्या किती पुढे धरल्यात ते अंतर. पहिली गोष्ट जुन्या फ्रेमची, उरलेल्या दोन नव्या गाडीच्या. राजदूतचं चाक अठरा इंची, आर१५ चं सतरा. टायर धरून त्रिज्या घटते, म्हणून ट्रेल कमी होतो. शिवाय गाडीचं नाक खाली येतं, मान आणखी उभी होते आणि ट्रेल अजून घटतो. दुसरीकडे स्पोर्टबाइकच्या टीमध्ये नळ्या मानेच्या जवळ असतात, त्याने ट्रेल वाढतो. म्हणजे दोन चुका एकमेकींना खोडतात, पण कितपत, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मी एका शनिवारी रात्री स्प्रेडशीट केलं. नळ्या टीमध्ये थोड्या खाली सरकवल्या की नाक वर येतं. तसं करत जुन्या ट्रेलच्या पाच मिलिमीटरच्या आत आलो. चाचांनी आधी माझ्या लॅपटॉपकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते तपासलं. त्या दोरीपुढे माझं स्प्रेडशीट काहीच नाही, कारण दोरीने लेथवरची चूक पकडली. एका बाजूचं वॉशर जाड पडलं होतं.

बाकी बारीकसारीक बरंच. हँडल पूर्ण वळवलं की शॉकअप टाकीवर आपटू नये म्हणून अडथळे. स्पीडोमीटरची केबल जुन्या ड्रमच्या हबमधून निघायची, नव्या चाकात तिला जागा नाही, म्हणून चुंबकावर चालणारा मीटर. मास्टर सिलिंडर त्याच गाडीचा घेतला. कॅलिपर एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर दुसरीचा घेतला, तर लिव्हर एकतर दगडासारखा कडक होतो नाहीतर स्पंजासारखा दबतो.

आता कायदा, कारण आपल्या बॅचमध्ये दोन वकील आहेत आणि ते हा लेख वाचणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच बाजूने निकाल दिला. चाकांमधलं अंतर आरसी बुकावर नोंदलेलं असतं, आणि पुढची बाजू बदलली की ते थोडं का होईना बदलतं. कान फाडणारा सायलेन्सर आणि चांगला ब्रेक, दोघांनाही एकाच कलमाने मोजणं मला पटत नाही, पण माझ्या पटण्यावर कायदा चालत नाही. म्हणून फ्रेमला करवत लावली नाही, की कुठे भोकही पाडलं नाही. जुना संच अर्ध्या दिवसात परत बसतो. सध्या गाडी फक्त आमच्या संत्र्याच्या बागेतल्या रस्त्यावर फिरते. एमएच २७ च्या कार्यालयात या बदलाचा रीतसर अर्ज कसा करावा, हे वकिलांपैकी कुणी फी न घेता सांगणार असेल, तर मी ऐकायला तयार आहे. तोवर बाबा बागेत चकरा मारतात आणि रोज संध्याकाळी विचारतात, "कागद झाले का?"

जुनं ड्रमचं चाक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. त्याच्या लायनरचा जोड कुणाच्या घरी पडून असेल, किंवा १९८३ ते १९९५ या काळातला, परतवाड्यातल्या कुठल्याही राजदूत ३५० चा फोटो असेल, तर संमेलनाच्या दिवशी सोबत आणा. फोटोत पुढचं चाक दिसत असेल, तर फारच उत्तम.