एका एंजिनावरचे उड्डाण

दोन एंजिनांचे विमान एका एंजिनाच्या विमानापेक्षा सुरक्षित असावे, असे कोणालाही वाटेल. एक बंद पडले तर दुसरे आहेच! हा हिशेब किती फसवा आहे, हे १९४२ साली अमेरिकेतील फ्लोरिडात तरुण वैमानिकांना कळले. त्यांतल्या कित्येकांना ते सांगायला परत येता आले नाही.

मार्टिन कंपनीचे बी-२६ मरॉडर हे बाँबफेकी विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. वेग साधावा म्हणून त्याचे पंख आखूड, टोकापासून टोकापर्यंत अवघे ६५ फूट ठेवले होते. साहजिकच उतरतानाही त्याला भरधाव यावे लागे. टँपाजवळच्या मॅकडिल तळावर ते नवशिक्यांच्या हाती पडले आणि ‘टँपाच्या उपसागरात रोज एक’ अशी म्हणच रूढ झाली. बायकांना विधवा करणारे विमान, असेही लोक त्याला म्हणत.

वैरी होते ते चालू राहिलेले एंजिनच. एक बंद पडले की दुसरे आपल्या बाजूचा पंख पुढे रेटते आणि विमान बंद एंजिनाकडे वळू लागते. त्याला आवरायचे सुकाणूने. पण सुकाणूचे बळ वेगवान हवेतून येते. वेग एका मर्यादेखाली उतरला की सुकाणू लुळे पडते आणि विमान कलंडून पाठीवर जाते. घाबरलेला माणूस मात्र नेमका नाक वर ओढतो नि एंजिनाचा जोर वाढवतो. अशा वेळी नाक खाली करावे, जोर कमी करावा, हे बुद्धीला पटले तरी हाताला पटत नाही.

१९४२ साली जिमी डूलिटल या तरुणांपुढे आला. व्याख्यान देत बसला नाही. जमीन सोडतानाच त्याने एक एंजिन बंद केले, चक्कर मारली आणि विमान सुखरूप उतरवले. पुढे पंख ७१ फुटांचे झाले, शिक्षण सुधारले. आणि युरोपच्या रणांगणावर याच विमानाच्या हानीचे प्रमाण फार कमी ठरले.

आज रेडिओने चालणारी दुएंजिनी खेळण्यातली विमाने उडवणारे हौशी लोक हाच धडा गिरवतात. त्यांची अडचण आणखी निराळी: जमिनीवर उभ्या माणसाला कोणते एंजिन थांबले ते चटकन दिसत नाही, विमानाचा हिसका अंगाला जाणवत नाही. म्हणून ते आधी दोन्हींचा जोर उतरवतात, विमान सरळ करतात आणि समोर सापडेल त्या गवतात उतरवतात.